मूठ कोणाची?

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक मोटर वर्षानुवर्षे पडून होती. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, ब्रिटिश सीगल कंपनीची. पोर्तुगीज अमदानीत, १९५० च्या दशकात, आजोबांनी ती घेतली. नारळ-सुपारी घेऊन शापोरा नदीतून त्यांची होडी जायची. पुढे रस्ते आले, पूल आले आणि मोटर माळ्यावर चढली.

गेल्या पावसाळ्यात ती दुरुस्त करायचे मनात आले. आजोबांच्या होडीवर जे तांडेल होते, त्यांचा नातू आज मासेमारीच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. त्याच्याकडे मोटर नेली. खाऱ्या पाण्याने बोल्ट असे धरले होते की रॉकेल सोडून, ऊब देऊन ते सैल करण्यातच आठ दिवस गेले. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, मॅग्नेटोचे पॉइंट बदलले, वायर बदलली, पंख्याला फिरवणारी स्प्रिंग बदलली. एवढे झाल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. सगळेच बदलले, तर ही आजोबांची मोटर राहिली कुठे?

प्रश्न जुनाच आहे. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे; कुजलेल्या फळ्या बदलत गेले, मग जहाज तेच की दुसरे? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? आपल्याला मात्र एवढे लांब जायला नको. डिचोली तालुक्यातल्या नार्वेचा सप्तकोटेश्वर पाहा. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, देव नदीपार आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे पुन्हा दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ते भक्तांना खुले झाले. जागा बदलली, दगड बदलले, चुना बदलला. पण हा देव तोच का, असे कोणी भाविक विचारीत नाही. पूजा चालू राहिली, म्हणून देव तोच. वस्तूचे तेच-पण तिच्या द्रव्यात नसून वहिवाटीत असते, असे मी स्वतःला समजावले आणि निश्चिंत झालो.

निश्चिंत फार दिवस राहता आले नाही. या मोटरीला बॅटरी नाही. वरच्या चाकाच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, वेढे द्यायचे आणि झटक्याने ओढायचे. दोरीच्या टोकाची लाकडी मूठ फार झिजली होती. मी म्हटले, हीही नवी घाल. तो म्हणाला, “मास्तरानू, मूठ तेवढी बदलू नकात. ती माझ्या आज्याच्या हातान झिजलेली आसा.”

मी गप्प बसलो. आमचे आजोबा होडीत मधल्या फळीवर छत्री उघडून बसत. दोरी ओढताना त्यांना कोणी पाहिले नाही. वहिवाटीने वस्तू ठरते हा सिद्धान्त माझाच. मग या मोटरीचा वारस कोण?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने वारसाहक्कात मुलगा-मुलगी असा भेद केला नाही, आणि वारसाहक्काबाबत तिची जागा घेणाऱ्या २०१२ च्या कायद्यानेही तो केलेला नाही. आमच्याकडे वाटणी झाली तेव्हा तांब्या-पितळेची भांडीही यादीत लिहिली गेली. याचा मला अभिमान आहे. पण त्या यादीत तांडेलासाठी रकाना नव्हता. तो असावा असे मलाही तेव्हा वाटले नव्हते.

एका चुलतभावाला ही मोटर त्याच्या गेस्ट हाऊसमध्ये काचेच्या पेटीत ठेवायची आहे. खाली पितळी पाटीवर आजोबांचे नाव. त्याचा हेतू वाईट नाही, हिस्साही त्याचा आहे.

गणपती झाल्यावर आम्ही मोटर पाण्यावर नेली. दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल, हे तिचे जुने पथ्य. “तुम्ही ओढा,” म्हणून त्याने मूठ माझ्या हातात दिली. मी तीनदा ओढली, काही नाही. लाकडातल्या खाचा माझ्या बोटांना जुळतच नव्हत्या. मग त्याने ओढली. दुसऱ्या झटक्याला निळा धूर सोडीत ती सुरू झाली.

मोटर अजून त्याच्याच शेडमध्ये आहे. चुलतभाऊ दर रविवारी फोन करून विचारतो, “झाली का?” मी सांगतो, थोडे काम बाकी आहे. तीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून सांगत आलो. पुढच्या रविवारी काय सांगायचे, ते अजून ठरलेले नाही.