मत्स्य आणि शरकार

बुलढाण्यानजीक पैनगंगेवर बांधलेल्या येळगावच्या जलाशयाकाठी, महसूल खात्यातून निवृत्त झालेले माझे एक स्नेही सायंकाळी गळाला पिसांची माशी बांधीत बसतात. लहानशा शिकंज्यात गळ घट्ट धरायचा, त्याच्या दांड्यावर काळ्या रेशमाचे वेढे द्यायचे, मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा एक तंतू गुंडाळून देह घडवायचा आणि कोंबडीच्या मानेवरचे मऊ पीस दोनदा फिरवून पाय उमटवायचे. त्या मिथ्या कीटकात अन्न नाही, गंध नाही, केवळ रूप आहे; तरीही चिलापी त्यावर झेपावते.

मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधीत, हे रोमन लेखक ईलियन याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नमूद करून ठेविले आहे. आणि आपल्या दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मासेमारीला राजाच्या विनोदांत स्थान दिले आहे. कला जुनी खरी, परंतु तिच्या पोटातला प्रश्न तिच्याहूनही जुना आहे: अपराध फसविणाऱ्याचा, की फसणाऱ्याच्या वासनेचा?

भागवताच्या ज्या एकादश स्कंधावरील टीका संत एकनाथांनी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केली, त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. जिव्हेच्या लोभाने गळाला लागून प्राणास मुकणारा मत्स्य त्यांपैकी एक. आणि बाण सरळ करण्यात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी ज्याला कळले नाही, तो शरकारही त्यांतलाच. पहिल्यापासून रसनाजय शिकावा, दुसऱ्यापासून एकाग्रता. स्नेह्यांच्या बोटांकडे पाहताना मात्र मला हे दोन्ही गुरू प्रथमच समोरासमोर दिसले, आणि वाटले की हा बाण कोणाच्या उरात शिरणार, हेही शरकाराला विचारावयास हवे. मासा भुकेला जागतो. त्याला दुसरी मुभा नाही. आपल्याला ती आहे, आणि जेथे मुभा आहे तेथेच जबाबदारी रुजू होते. एकाग्रता हे साधन होय. ते कोणत्या हेतूच्या चाकरीत लावले, याचा हिशेब निराळा द्यावा लागतो.

माशी बांधून झाली की स्नेही गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतात. परवा तळहाताएवढी चिलापी लागली, तेव्हा तिला स्पर्श करण्यापूर्वी त्यांनी हात पाण्यात बुडविला. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाने मरतो, असे ते म्हणाले. एवढ्याने हिंसा फिटत नाही, वेदना द्यावयाची ती दिलीच, हे तेही जाणतात. तरीपण ज्या बोटांनी तो फसवा देह इतक्या तन्मयतेने घडविला, त्याच बोटांनी गळ सोडविताना त्यांची तन्मयता तसूभरही उणावली नाही, आणि चिलापी पाण्याखाली दिसेनाशी होईपर्यंत तो ओला हात तसाच पाण्यात राहिला.