पाण्याचा रकाना

घरूनच काम करायची मुभा मिळाली, तेव्हा हिमाचलात राहायला जायचं ठरवलं आणि शहरांची एक्सेल शीट केली: इंटरनेट, भाडं, दवाखाना, पाणी. सिमला पहिलं आलं. मग 2018चा मे आठवला. तिथे लोक टँकरसाठी रांगा लावून उभे होते. पाण्याच्या रकान्यात मी फक्त ‘मला मिळेल का’ एवढंच पाहिलं होतं.

1972च्या कायद्याचं कलम 118 शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय तिथली जमीन घेऊ देत नाही. वाचून राग आला. (कोकणात शेजारची बाग मुंबईकरांनी घेतली, तेव्हा ‘आपल्याकडे असा कायदा हवा’ म्हणणारा मीच!) भाड्याने राहायला मात्र आडकाठी नाही.

पालमपूरच्या एका घरमालकांना फोनवर विचारलं, पाणी किती वेळ येतं? शेजाऱ्यांकडे किती वेळ, हे विचारायचं राहिलं. खरं तर टाळलंच.