सार्जंटची अमानत

आपल्या मोहल्ल्यात वाढलेल्या माणसाला 'गद्दार' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. क्रिकेटचा सामना असला की तो चहाच्या टपरीवरही फुकट मिळतो. तो अंगावर आला की आपण एकतर चिडतो, नाहीतर वतनपरस्तीचे पुरावे मांडत बसतो. या धांदलीत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. गद्दारी म्हणजे नेमके काय? ज्याच्या गद्दारीबद्दल कुणाला शंका येऊ नये असा एक माणूस घेऊन पाहू.

चार्ल्स रॉबर्ट जेन्किन्स हा अमेरिकन सैन्यातला सार्जंट. उत्तर आणि दक्षिण कोरियामधल्या सीमेवर त्याची नेमणूक होती. १९५३ साली तिथे युद्धविराम झाला, पण तहावर सह्या कधीच झाल्या नाहीत. ५ जानेवारी १९६५च्या पहाटे तो आपली तुकडी घेऊन गस्तीवर होता. पोटात दहा बिअर होत्या. पुढे कसला तरी आवाज आला, बघून येतो, असे सोबत्यांना सांगून तो अंधारात चालत गेला. तो थेट उत्तर कोरियात पोहोचला. वय चोवीस. तिथून सोव्हिएत वकिलातीमार्फत कधीतरी घरी जाऊ, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

तो का गेला? गस्ती धोकादायक होत चालल्या होत्या, व्हिएतनामला धाडतील अशी धास्ती होती. हाताखालच्या पोरांच्या जिवाची जबाबदारी मला नको होती, असे त्याने पुढे सांगितले. ही भावना मी खोटी मानत नाही. दुसऱ्यांना मरणाच्या तोंडी नेण्याची ज्याला भीतीच वाटत नाही, असा सार्जंट मला जास्त भयंकर वाटेल.

पण याच ठिकाणी मी अडखळतो. ज्यांच्या जिवाची काळजी वाटत होती, त्यांनाच तो सीमेवरच्या अंधारात वाट पाहत सोडून गेला, आणि तेही थाप मारून. कुरआनात सूरह निसामध्ये अमानत ज्याची त्याला परत करण्याचा आदेश आहे. अमानत म्हटले की आपल्याला शेजाऱ्याने ठेवायला दिलेले दागिने आठवतात. हाताखाली दिलेली माणसे हीसुद्धा अमानतच. ती पेलवत नसेल तर परत करता येते. वरिष्ठांसमोर उभे राहायचे, मी नेणार नाही म्हणायचे आणि जी सजा होईल ती घ्यायची.

हे अशक्य नव्हते. त्याच युद्धाच्या काळात, एप्रिल १९६७मध्ये मुहम्मद अलीने सैन्यात भरती व्हायला उघड नकार दिला. विजेतेपद काढून घेतले गेले, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यालाही देशद्रोही म्हणणारे खूप होते. अली सार्जंट नव्हता, त्याच्या पाठीशी कीर्ती होती, हे खरे. तरी त्याने 'नाही' म्हटले ते सर्वांदेखत, स्वतःच्या देशात उभे राहून. म्हणून सरहद्द ओलांडण्यापेक्षा ती थाप मला मोठी खयानत वाटते.

जेन्किन्सने कैद टाळली आणि त्याहून मोठी पदरात घेतली. आधीच पळून आलेल्या तीन अमेरिकन सैनिकांबरोबर त्याला एका घरात कोंबले. किम इल सुंगचे विचार कोरियन भाषेत पाठ करण्यात १९७२पर्यंतची सात वर्षे गेली. हातावर 'यूएस आर्मी' असे गोंदलेले होते. ते भूल न देता कापून काढले. मग इंग्रजी शिकवणे, सिनेमात दुष्ट अमेरिकनाचे काम करणे. देश सोडला तरी त्या मुलखाने त्याला शेवटपर्यंत अमेरिकन म्हणूनच वापरले.

१९८० साली त्याच्या घरी हितोमी सोगा आणली गेली. १९७८मध्ये जपानच्या सादो बेटावरून तिला आणि तिची आई मियोशी हिला पळवून नेले होते. एक आपल्या पायांनी आलेला, दुसरी उचलून आणलेली. दोघांचा निकाह म्हणा, लग्न म्हणा, झाले. दोन मुली झाल्या. रोज रात्री तो तिला तिच्या जपानी भाषेत 'ओयासुमी' म्हणे आणि ती त्याला इंग्रजीत 'गुड नाइट'. आपण कुठले, हे दोघांनी विसरू नये म्हणून.

२००२ साली जपानी पंतप्रधानांच्या भेटीनंतर हितोमी सुटली. तो मुलींसह मागे राहिला. अमेरिकेच्या हाती पडलो तर काय, ही भीती होतीच. पण मुलींना हेर बनवतील याची भीती त्याहून मोठी ठरली. जुलै २००४मध्ये जाकार्तात कुटुंब भेटले आणि तिथून जपानला गेले. सप्टेंबरात चौसष्ट वर्षांचा हा माणूस अमेरिकन लष्करी तळावर स्वतः हजर झाला आणि त्याने सलाम ठोकला. नोव्हेंबरात लष्करी न्यायालयापुढे पळून जाणे आणि शत्रूला मदत करणे हे गुन्हे त्याने कबूल केले. शिक्षा तीस दिवस, तीही पुरती भोगावी लागली नाही.

कमी वाटते? चाळीस वर्षे धरली तर नाही वाटत. पण तो देशाचा हिशेब झाला. त्या पहाटे अंधारात उभ्या राहिलेल्या पोरांच्या वतीने माफी देणारा मी कोण? आणि टपरीवरचा तो शब्द फेकणारा तरी कोण? मला इतकेच दिसते, की चोविसाव्या वर्षी टाकलेली जबाबदारी त्याने चौसष्टाव्या वर्षी दुसऱ्या रूपात, मुलींसाठी, उचलली. या वेळी कुणाला थाप मारली नाही.

पुढे सादो बेटावर पर्यटकांच्या दुकानात तो तांदळाच्या कुरकुरीत चकत्या विकायचा. लोक त्याच्यासोबत फोटो काढून घेत. डिसेंबर २०१७मध्ये तो तिथेच वारला. हितोमी आजही आईची वाट पाहते आहे. मियोशी परतलेली नाही.