अनुपलब्धीची मुदत

जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न भाट्ट मीमांसकांनी मोठ्या बारकाईने हाताळला आहे. भूतलावर घट नाही हे ज्ञान घट न दिसण्यातून होते खरे. परंतु घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच त्या न दिसण्याला प्रमाणाची योग्यता येते, आणि काळोखात घट न दिसणे हा काही त्याच्या अभावाचा दाखला नव्हे. या योग्यानुपलब्धीच्या विचाराला विसाव्या शतकातील गणिताने जो कठोर कस लावला, तो मला फार मोलाचा वाटतो.

अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1936 साली कल्पिलेले यंत्र म्हणजे अमर्याद लांबीची फीत, तिच्यावरील एकेक चिन्ह वाचणारे व लिहिणारे शीर्ष आणि मोजक्या अवस्थांचा नियमतक्ता, एवढेच. कोऱ्या फितीवर सुरू केलेले असे यंत्र थांबले, तर प्रत्यक्षानेच निकाल लागतो. पण अद्याप थांबलेले दिसले नाही, एवढ्यावरून ते कधीच थांबणार नाही, असा फैसला कोण देणार? हंगेरीत जन्मलेले व अमेरिकेत ओहायो येथे अध्यापन करणारे टिबॉर राडो यांनी 1962 साली नेमके येथेच बोट ठेवले. ठराविक अवस्थांची व दोनच चिन्हे वापरणारी जी यंत्रे अखेर थांबतात, त्यांतील सर्वांत दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्राची पावले एकदा कळली, की तेवढ्या पावलांनंतरही चालत असलेले तितक्याच अवस्थांचे कोणतेही यंत्र कधीच थांबणार नाही, हे निश्चित होते. म्हणजे अनुपलब्धीला योग्यता देणारी मुदत हीच. आणि सर्व अवस्थासंख्यांसाठी ही मुदत काढून देणारी एकही गणनपद्धती असू शकत नाही, हेही राडो यांनीच सिद्ध केले.

दोन अवस्थांना 6 पावले, तीन अवस्थांना 21, चार अवस्थांना 107. पाच अवस्थांचे, 4,71,76,870 पावले चालून थांबणारे यंत्र हाइनर मार्क्सेन व युर्गेन बुंट्रॉक यांनी 1989 साली शोधले. परंतु त्याहून दीर्घायू दुसरे नाही, हे अभावाचेच विधान सिद्ध होण्यास 2024 साल उजाडावे लागले, आणि ते काम देशोदेशींच्या अभ्यासकांनी, त्यांत पुष्कळसे हौशी, एकेक संशयित यंत्र निकालात काढीत तडीस नेले.

जे जे आहे ते ज्ञेय आहे, असे वैशेषिक मानतात. राडो यांच्या संख्या ठाम पूर्णांक आहेत, त्यांत संदिग्धतेचा लेशही नाही. तथापि येडिडिया व आरन्सन यांनी 2016 साली सुमारे आठ हजार अवस्थांचे असे यंत्र रचले, की संचसिद्धांताची रूढ गृहीतके सुसंगत असली तरी त्यांच्या आधारे त्याचे न थांबणे सिद्ध होऊच शकत नाही. ईश्वराला ते ज्ञात आहे, या उत्तराने वैशेषिकांचा सिद्धांत टिकेल, पण आपल्या प्रमाणांची हद्द तसूभरही पुढे सरकत नाही; सत्ता ही आपल्या ज्ञानाची ताबेदार नव्हे, असेच मी मानतो.

आणि अडचण दूरच्या संख्यांपुरतीच आहे, असेही नाही. अँटिहायड्रा या नावाचे सहा अवस्थांचे यंत्र वस्तुतः इतकेच करते, की 8 पासून आरंभ करून प्रत्येक संख्येची दीडपट घ्यायची, अपूर्णांक टाकून द्यायचा, आणि विषम संख्यांची गणती सम संख्यांच्या दुपटीहून अधिक झाली तर थांबायचे. आजवर तपासलेल्या पायऱ्यांपुढे सम-विषमाचा क्रम नाणेफेकीप्रमाणे पडतो असे धरल्यास ते थांबण्याची संभाव्यता शून्यवत ठरते. परंतु तेवढ्या बळावर अभाव मान्य करणे मीमांसकाला जितके अमान्य झाले असते तितकेच ते आपल्यालाही असले पाहिजे, कारण सहा अवस्थांची मुदत अजून कोणालाही ठाऊक नाही.