आम्ही आणि आपण

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही जेवायला बसतो’ असे म्हणणारा ऐकणाऱ्याला पंक्तीबाहेर ठेवतो. ‘आपण जेवायला बसू’ असे म्हणणारा त्याच्यासाठी पाट मांडतो. इंग्रजीत ही सोय नाही. कोरियन भाषेतला ‘उरी’ हा शब्दही दोन्ही अर्थांनी चालतो. इतकेच नव्हे, तर आपण जेथे ‘माझी आई’ म्हणू तेथे एकुलते एक मूलसुद्धा ‘उरी’ म्हणजे ‘आमची आई’ असेच म्हणते. व्याकरणातला हा भेद नीतीच्या प्रांतात कोठवर पोहोचतो, हा प्रश्न लॉस एंजेलिसमधील कोरियाटाउन या वस्तीचा इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा समोर येतो. माणसांना परमुलखात जगवणारी आपुलकी कुंपणाच्या आतच वाढते काय? आणि तसे असेल, तर कुंपणाबाहेरच्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय?

१९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातील लोकांना दार मोकळे झाले. त्यानंतर दक्षिण कोरियातून आलेल्या कुटुंबांनी ऑलिंपिक बुलेव्हार्ड या रस्त्याच्या आसपास बस्तान मांडले. १९८० साली शहराने या वस्तीला कोरियाटाउन हे नाव अधिकृतपणे दिले. आलेल्यांत पदवीधर पुष्कळ होते, परंतु त्यांच्या पदव्यांना आणि तोडक्या इंग्रजीला तेथे फारसे मोल नव्हते. उरला मार्ग दुकानाचा. त्याचे भांडवल अनेकदा ‘ग्ये’मधून उभे राही. ग्ये म्हणजे आपली भिशीच: ठरलेली मंडळी, ठरलेली तारीख, प्रत्येकाने सारखी रक्कम टाकायची आणि जमलेला पैसा पाळीपाळीने एकेकाने उचलायचा. तारण नाही, करारनामा नाही. ज्याला पहिल्याच महिन्यात भिशी लागते तो उरलेले हप्ते भरीलच याची हमी एवढीच, की तो ‘आमच्यातला’ आहे. बुडवील तर त्याला चारचौघांत तोंड दाखवता येणार नाही. या विश्वासाला मी कमी लेखणार नाही. पण त्याची रचना नीट पाहिली, तर कुंपण हा त्याचा दोष नसून पाया आहे, हे मान्य करावे लागते. सर्वांसाठी खुली असलेली भिशी चालत नाही.

या भांडवलावर घेतलेली कितीतरी दुकाने कोरियाटाउनमध्ये नव्हतीच. ती दक्षिणेकडील कृष्णवर्णीय वस्त्यांत होती. १९६५च्या वॉट्स दंगलीनंतर जुने व्यापारी, त्यांत बरेच ज्यू, तेथून निघाले होते आणि किराणा व दारूची छोटी दुकाने कालांतराने कोरियन कुटुंबांच्या हाती आली. दुकानदार पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसे. बहुधा राहायला मात्र दुसरीकडे असे. चोरीच्या भीतीने काही ठिकाणी गिऱ्हाईक आणि मालक यांच्यामध्ये गोळी न भेदणारी काच आली. दुकानदार नजरेला नजर देत नाही, सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असे. कोरियन रीतीत परक्याकडे रोखून न पाहणे ही सभ्यता आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नव्हते. आणि हातात न देता ठेवलेल्या नाण्याचा अर्थ तो काय लावील, याचा विचार दुकानदाराने केला नव्हता. वरून पाणी ओतणाऱ्या आपल्या समाजाला तो अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१६ मार्च १९९१ रोजी अशाच एका दुकानात लताशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीनंतर मारली गेली. बाटलीची किंमत एक डॉलर एकोणऐंशी सेंट होती. तिच्या हातात दोन डॉलर होते. पाठमोऱ्या मुलीवर गोळी झाडणाऱ्या दुकानदार स्त्रीला ज्यूरीने मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले, पण न्यायाधीशांनी तिला तुरुंगात पाठवले नाही. परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढ्यावर तो खटला मिटला.

२९ एप्रिल १९९२ रोजी रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि शहर पेटले. कोरियन लोक त्या दिवसाला नुसत्या आकड्यांनी ओळखतात: ‘सा-इ-गु’, चार-दोन-नऊ. पन्नासहून अधिक माणसे मेली. कोरियनांच्या मालकीची २,०००हून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली. पोलीस कोरियाटाउनकडे फिरकले नाहीत, तेव्हा कोरियन नभोवाणीवरून मदतीच्या हाका गेल्या आणि माणसे बंदुका घेऊन छपरांवर चढली. अशा हाकेला धावून गेलेला अठरा वर्षांचा एक कोरियन तरुण गोळ्यांनी मेला. त्याला लुटारू समजून आपल्याच लोकांनी त्या झाडल्या, असे मानले जाते.

यावर दोन सोपे निवाडे दिले गेले. एक असा, की गोऱ्या पोलिसांच्या पापाची शिक्षा निरपराध दुकानदारांना झाली. दुसरा असा, की त्यांनी पेरले तेच उगवले. पहिला पुष्कळ खरा असूनही अपुरा आहे. दुसरा क्रूर आहे, कारण जळालेल्या दोन हजार दुकानांपैकी कोणी कोणाचा अपमान केला याचा हिशेब पेटवणाऱ्याने मांडला नव्हता. मला यात निराळेच काही दिसते. दर महिन्याला देणारा-घेणारा तो आपला, हे भिशीचे तत्त्व. मग रोज सकाळी दूध आणि पाव घेऊन पैसे टाकणारा माणूस वर्षानुवर्षे ‘त्यांच्यातला’ कसा राहतो? देवाणघेवाण कुंपण ओलांडून जाते आणि कर्तव्य आतच थांबते, हा विसंवाद कोरियनांनी निर्माण केलेला नाही. परमुलखात दुकान थाटणाऱ्या प्रत्येक समाजाच्या वाट्याला तो येतो, आणि पूर्व आफ्रिकेतील भारतीय व्यापाऱ्यांनीही तो अनुभवला आहे.

१९९२ सालीच कोरियाटाउनमध्ये स्थलांतरित कामगारांची एक संघटना उभी राहिली. दंगलग्रस्त दुकानदारांसाठी जमलेल्या मदतनिधीत काम गेलेल्या मजुरांचाही वाटा आहे, असे तिने आपल्याच समाजाच्या पुढाऱ्यांना बजावले. त्या मजुरांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेलेही होते. घरभेदीपणाचा आरोप पत्करून तिने तो वाटा मिळवला. तिच्या नावात आरंभी ‘कोरियन’ हा शब्द होता. पुढे त्या जागी ‘कोरियाटाउन’ आला. रक्ताच्या जागी रस्ता आला, म्हणा ना. आज त्या वस्तीतील बहुसंख्य रहिवासी लॅटिन अमेरिकी वंशाचेच आहेत.

तेथेच थर्ड स्ट्रीटचा एक तुकडा २०१० पासून ‘लिटल बांगलादेश’ म्हणून ओळखला जातो. २०१८ साली तेथील बंगाली रहिवाशांनी आपल्यासाठी वेगळी परिसर-परिषद मागितली. मतदान झाले. ज्यांचा आवाज १९९२ साली कोणी ऐकला नव्हता ते कोरियन लोक तासन्‌तास रांगा लावून आले आणि ती मागणी त्यांनी प्रचंड बहुमताने फेटाळली. वस्ती फुटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणताना त्यांनी ‘उरी’ हाच शब्द वापरला असणार; त्याचे मराठी भाषांतर करायला बसलो, तर दोहोंपैकी कोणते सर्वनाम लिहावे हे मला ठरवता येत नाही.