साक्षी, अनुमंता आणि पंच

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवर जी टीका सांगितली, तिच्यात कर्म करणारा त्याच कर्माचा साक्षी राहू शकतो काय, हा प्रश्न निरनिराळ्या अध्यायांतून पुन्हा पुन्हा पुढे येतो. ज्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हा ग्रंथ घडला, तेथील एखाद्या शाळेत नेटबॉलची शिट्टी विद्यार्थ्याच्याच हाती दिली, तर हा प्रश्न पोथीपुरता उरत नाही.

सांख्यमतानुसार पुरुष, म्हणजे चैतन्य, केवळ पाहतो आणि सारे कर्म प्रकृती करते. पंचाला हे वर्णन सर्वस्वी लागू पडत नाही, कारण त्याच्या एका शिट्टीने चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो. गीतेचा तेरावा अध्याय मात्र देहातील परमपुरुषाला उपद्रष्टा, म्हणजे जवळ राहून पाहणारा, आणि अनुमंता, म्हणजे संमती देणारा, अशी दोन्ही विशेषणे एकत्र लावतो, आणि हे वर्णन पंचाला बरेच जवळचे आहे. चेंडू हाती आलेल्या खेळाडूने तो तीन सेकंदांत सोडला पाहिजे, टेकलेला पाय उचलल्यावर चेंडू सुटेपर्यंत तो पुन्हा टेकता कामा नये, आणि अडवणाऱ्याने ०.९ मीटर अंतर राखले पाहिजे, हे सारे पंच एकाच वेळी पाहत असतो. तथापि नियमभंग दिसूनही, शिट्टी वाजवल्यास ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच नुकसान होणार असेल, तर तो खेळ चालू देतो. यालाच ‘अ‍ॅडव्हान्टेज’ म्हणतात. दोष पाहणे आणि तरीही थांबणे ही उदासीनता नव्हे, तीही एक कृतीच आहे; किंबहुना शिट्टी वाजवण्यापेक्षा ती अवघड आहे, आणि आपल्याच वर्गातील मित्र खेळत असताना तर फारच अवघड.

समबुद्धी, म्हणजे मित्र आणि परका यांना सारखेच लेखणे, ही निव्वळ मनाची अवस्था आहे, ही समजूत येथे टिकत नाही. साडेतीस मीटर लांबीच्या मैदानाचा अर्धा भाग एकेका पंचाकडे असतो आणि त्याला मैदानाबाहेरून, रेषेलगत, चेंडूबरोबर धावावे लागते. पंधरा मिनिटांच्या चौथ्या सत्रात धाप लागलेला पंच दूरवरून अंदाजाने निर्णय देतो, आणि अंदाजात आवडनिवड सहज शिरते. पंच म्हणजे खुर्चीत बसलेले वडीलधारे गुरुजी, या आपल्याकडील जुन्या कल्पनेत पंचाच्या व्यायामाला जागाच नव्हती. सहावा अध्याय मात्र आहार, विहार, झोप आणि जागरण यांच्या प्रमाणावरच योगाची उभारणी करतो, आणि ज्ञानेश्वरांनी त्या अध्यायात देहाचे जे विस्तृत वर्णन केले आहे, ते पाहता साधनेसाठी देह त्यांना गौण वाटत होता असे म्हणणे कठीण आहे.

चुकीच्या निर्णयाचा प्रश्न मात्र उरतो, कारण गीतेतील साक्षी चुकत नाही आणि चौदा वर्षांचा पंच चुकतो, शिवाय नियमानुसार त्याचा निर्णय अंतिम असतो. अठरावा अध्याय प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करणे म्हणजे इंद्रियादी साधने, चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. सूर्य डोळ्यांवर आला किंवा मध्येच कोणी आडवे आले, तर तो भाग दैवाच्या खात्यावर घालता येईल; पण पाय पोहोचले नाहीत म्हणून दिसले नाही, ही सबब पहाटे धावण्याचा सराव करू शकणाऱ्या पंचाला त्या खात्यावर घालता येत नाही.