ॲम्प्लिफायर हवाय, की अर्थिंग?

बस खाली. आणि ते कानातलं काढ आधी.

हेडफोन अडीच हजारांचा, आणि त्याला वाजवायला ॲम्प्लिफायर साडेआठ हजारांचा! नाकापेक्षा मोती जड, पण किती जड असावा याला काही धरबंध? राजनांदगावहून तुझे बाबा महिन्याच्या महिन्याला मेसचे पैसे धाडतात, आणि चिरंजीव ते थकवून जयस्तंभ चौकातली दुकानं पालथी घालतात. मेसवाल्या काकू परवा मलाच विचारत होत्या, "सर, त्या मुलाच्या घरी सगळं ठीक आहे ना?" काय सांगू त्यांना? घरी ठीक आहे, मुलाचंच बिनसलंय?

इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. ओहमचा नियम परीक्षेत झोपेतही उतरवशील, पण खिशात हात घालायची वेळ आली की तो वहीतच राहतो. आण तो खोका इकडे. वाच, काय छापलंय? इम्पीडन्स ३२ ओहम. सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला १०० डेसिबल. कर आता हिशेब. ८० डेसिबलने गाणी ऐकायची तर लागतो ०.०१ मिलिवॅट. हो, मिलिवॅटचा शंभरावा भाग! तबल्याची थाप, तिहाईची सम असे क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जातात असं धरलं, तर तेवढ्यापुरता १ मिलिवॅट. आणि फोनचा जॅक? कमीत कमी धरू, अर्धा व्होल्ट. अर्ध्याचा वर्ग ०.२५, भागिले ३२. जवळपास ८ मिलिवॅट. म्हणजे १०९ डेसिबल. गरजेच्या आठपट शक्ती तुझ्या खिशात आधीच पडून आहे, आणि तू आणखी विकत घ्यायला निघालास!

तेवढा आवाज कशाला हवाय, तेही सांग. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, एवढीच सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. ९० वर गेलास की ४ तास. अख्ख्या आठवड्यात ४. तू ते एका रात्रीत संपवतोस.

"सर, पण दुकानात मी स्वतः ऐकलं, साउंड एकदम खुलतो." ऐकलं असशील. ॲम्प लावला तेव्हा आवाजही थोडा चढलेला होता, हे पाहिलंस का? १९३३ साली बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं आहे, की आवाज हळू असला तर खर्जातले सूर कानाला फार कमी पोचतात, आणि चढवला की भरून येतात. दोन डेसिबल जास्त वाजणारं कुठलंही यंत्र गिऱ्हाइकाला भरीवच वाटणार. फोन आणि ॲम्प, दोन्हींचा आवाज मीटरने सारखा लाव, डोळे बांध, मित्राला तारा बदलायला सांग आणि मग ओळखून दाखव. मीटर मात्र आपल्या लॅबमधला घे. तुझ्या त्या पिवळ्या दोनशे रुपयांच्या मीटरचा एसी २०० व्होल्टच्या रेंजपासून सुरू होतो, त्यावर मिलिव्होल्ट कुठले दिसायला? आणि मोजताना सूर २०० हर्ट्झचा लाव. साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचे नसतात.

राहिली तुझी ती घूंऽऽ आवाजाची तक्रार. लॅपटॉपला चार्जर लावला की घूं येतो, काढला की जातो, बरोबर? लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात? मग त्यात हेडफोन बिचाऱ्याचा काय दोष! भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं आहेत, पण वरच्या जाड भोकामागे तारच जोडलेली नसणार. चार्जरमधून झिरपणारा प्रवाह जमिनीत जायचा, तो तुझ्या लॅपटॉपच्या अंगावर बसलाय. त्याच लॅपटॉपच्या यूएसबीवर नवा ॲम्प लावलास तर तो सगळं घूंसकट मोठं करून देईल, आणि साडेआठ हजारांची पावतीही. घरमालकाला गाठ, इलेक्ट्रिशियन बोलाव, फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट येतात का ते त्याला तपासू दे. तोवर लॅपटॉप बॅटरीवर चालव.

आणि मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, आमापाऱ्यातल्या त्या खोलीत तुझा कूलर घरघरत असतो. त्या घरघरीत तुला ॲम्पची बारीक कलाकुसर ऐकायची आहे? कानात घट्ट बसणारे रबरी टिप्सवाले इअरफोन घे, हजाराच्या आत मिळतात. बाहेरचा आवाज अडवला तर फरक खरोखर कळेल.

ॲम्प म्हणजे निव्वळ थोतांड असं मी म्हणत नाही हां. उद्या नोकरी लागून सेनहायझरचा एचडी ६०० घेतलास, तर ये, मीच सांगेन घे म्हणून. तो ३०० ओहमचा. अर्धा व्होल्ट त्याच्या १०० डेसिबलच्या उसळ्यांना पुरत नाही. तिथे ॲम्प लागतो. तुझ्याकडे तो हेडफोन आहे का? नाही ना!

हौसच असेल तर हाताने कर. च्यू मॉय नावाच्या अमेरिकन माणसाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक सर्किट सर्वांसाठी खुलं केलं. पेपरमिंटच्या डबीत मावतं. त्याच धर्तीवर एक एनई ५५३२ चिप, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि एक व्हॉल्यूमचा पॉट, एवढं आण. तीन-चारशे रुपयांत भागेल. जुळवताना ऑफसेट मोजायला विसरलास तर हेडफोनमध्ये डीसी सोडशील, म्हणून पहिल्यांदा मुळीच हेडफोन जोडू नकोस, ३३ ओहमचा रेझिस्टर लाव.

सोमवारी दुपारी लॅबमध्ये ये. सर्किट वहीत काढून आण, प्रत्येक रेझिस्टरचं मूल्य का घेतलं ते लिहून. आणि येताना मेसची थकबाकी भरल्याची पावती. ती नसेल तर दाराशीच थांब.